पिकअपला पिकअप नाही

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. माझी २००८ ची डिझेल पिकअप आहे. टर्बो आहे, पण जुन्या पंपाची, सेन्सरबिन्सर काही नाही. २ लाख ८० हजार किलोमीटर झालेत. हंगामात चिपळूणहून हापूसच्या पेट्या कुंभार्ली घाटाने कराडला आणि पुढे पुण्याला नेतो, येताना गूळ, भाजी, मिळेल ते भरतो. पूर्वी एवढाच माल घेऊन पोफळी सोडली की बराचसा घाट तिसऱ्या गियरवर चढायची. यंदा फेब्रुवारीपासून अर्ध्या घाटात दम तोडते. दुसऱ्यावर आणतो, मग पहिल्यावर, आणि एखाद्या वळणावर मागे येते की काय असं वाटतं. गंमत म्हणजे बाजूला घेऊन दहा मिनिटं बंद ठेवली की पुन्हा दीड-दोन किलोमीटर पहिल्यासारखी पळते. स्टार्टरला नुसता हात लावला की चालू. सपाटीला तक्रार नाही, ८० ला जाते, अ‍ॅव्हरेज १२ मिळतं. काळा धूर नाही. ऑइल कमी होत नाही. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर दोन्ही नवे घातले. एकाने नोझल काढून तपासून दिले, ७,२०० रुपये गेले, फरक शून्य. दुसरा म्हणतो पंप उतरवा, ३५ हजार धरून चाला. तिसरा म्हणतो इंजिनकाम निघणार, विकून मोकळे व्हा. काय करू?
— एक आंबावाहतूकदार, चिपळूण तालुका

उत्तर : दादा, आधी पंपवाल्याला फोन करून सांगा की सध्या येत नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य ३५ हजारांचं आहे: ‘दहा मिनिटं बंद ठेवली की पुन्हा पहिल्यासारखी पळते.’ तिन्ही मिस्त्रींना हे सांगितलं होतं का? माझा अंदाज, नाही. आणि सांगितलं असेल तर त्यांनी ऐकलं नाही.

घासलेली रिंग दहा मिनिटांत बरी होत नाही. बसलेला व्हॉल्व्ह बिडी ओढेपर्यंत उठत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरलेलं इंजिन सकाळी थंडीत स्टार्टर खात बसतं, ऑइल पितं, आणि चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं तर आतून भकाभका वाफ मारतं, झाकण नुसतं वर ठेवलं तर नाचतं. तुमची गाडी हात लावताच चालू होते आणि ऑइल मागत नाही. झाकणाची परीक्षा घरी करून बघा, फुकट आहे. पण इंजिनकाम हा विषय मी तरी इथेच मिटवतो.

आता पंप, म्हणजे नोझलला दाबाने डिझेल पोचवणारा मोठा पंप. आतून घासलेला पंप डिझेल गरम आणि पातळ झालं की हरतो. इंजिन बंद केल्यावर पुढची दहा मिनिटं पंपाला इंजिनाची धग लागतच राहते, म्हणजे तो अजून तापतो. अशा पंपाची गाडी घाटात थांबवली तर परत चालू करतानाच रडवते. तुमची उलट ताजीतवानी होते. त्यामुळे पंपाला मी निर्दोष म्हणत नाही, पण त्याला सगळ्यात शेवटी बोलवायचा.

धूर काय म्हणतो ते बघू. ताकद नाही आणि काळा धूर आहे, तर डिझेल येतंय पण हवा कमी पडतेय. ताकद नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच पोचत नाही. तुमचं इंजिन उपाशी आहे. सपाटीला त्याची उपासमार दिसत नाही, याचं कारण साधं गणित आहे. सपाटीला ताशी ६० ने चाललात आणि १२ चं अ‍ॅव्हरेज असेल तर तासाला ५ लिटर डिझेल लागलं. घाटात माल भरून एक्सलेटर पूर्ण दाबलं की साठ-बासष्ट हॉर्सपॉवरचं इंजिन तासाला १३-१४ लिटरच्या हिशोबाने डिझेल मागतं. जवळजवळ पावणेतीन पट. अर्धी तुंबलेली नळी ५ लिटर निवांत देते, १४ देताना तिची बोंब होते. म्हणून ‘सपाटीला चांगली चालते’ हे ऐकून कुणी डिझेलची लाइन सोडून दिली तर तो मिस्त्री घाटाखालच्या गावचा नाही.

तेव्हा शोधायचं आहे ते टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) या वाटेवर. वाट जेमतेम दोन-अडीच मीटरची. तीत चार जागा आहेत.

सुरुवात टाकीच्या झाकणापासून करा. टाकीतून डिझेल जातं तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणात किंवा टाकीच्या वर बारीक वाट ठेवलेली असते. लाल माती, डिझेलचा चिकटा, पावसाळ्यातला चिखल यांनी ती बुजते. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीला ओठ घट्ट लावून पाणी ओढलं तर काय होतं? बाटली आत बसते आणि पाणी येईनासं होतं. तसंच. थांबलात की फटीफटीतून हळूहळू हवा आत शिरते, टाकीचा जीव मोकळा होतो आणि गाडी पुन्हा पळते. टाकी फुल्ल असताना त्रास लवकर सुरू होतो का, हे आठवून बघा. फुल्ल टाकीत वर हवेला जागा थोडी, म्हणून ओढ लवकर बसते. पुढच्या फेरीला गाडीने मान टाकली की बाजूला घ्या, इंजिन बंद न करता हेल्परला झाकण सैल करायला सांगा आणि कान द्या. ‘स्स्स’ असा हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि गाडी तशीच लगेच ओढायला लागली, तर तुमचं काम नव्या झाकणावर भागलं. आता एक विनंती. हे कळल्यावर झाकण सैल ठेवूनच हंगाम काढू नका. वळणावर डिझेल सांडतं आणि मागून येणारा दुचाकीवाला आडवा होतो. कुंभार्लीत मी स्वतः एकाला उचललंय.

झाकण निर्दोष निघालं तर टाकीतली ओढनळी आणि तिच्या तोंडाची जाळी. इथे मला माझीच फजिती सांगावी लागेल. गॅरेज टाकून तीन-चार वर्षं झाली होती. पाटण भागातले एक दूधवाले आले, अगदी तुमचंच दुखणं घेऊन. चढाला दम तोडायची, थांबली की बरी. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पंप उतरवून पंपवाल्याकडे धाडला. तीन दिवस गाडी उभी, त्यांचं दूध भाड्याच्या गाडीत. पंप आला, टायमिंग लावलं, चढाला घेऊन गेलो. जशीच्या तशी. संध्याकाळी माझे उस्ताद सहज चहाला आले होते. त्यांनी एकच विचारलं, ‘टाकीचं झाकण जुनं आहे का नवं?’ नवं होतं. मधे झाकण हरवलं होतं आणि दोन महिने दुधाची रिकामी पिशवी रबराने बांधून काम चालवलं होतं. उस्तादांनी सायकलचा आरा मागवला, टोकाला वाकवला, टाकीत घालून फिरवला आणि तळहाताएवढा पिशवीचा तुकडा बाहेर काढला. काळा, बुळबुळीत. इंजिन जोरात ओढायला लागलं की तो तरंगत येऊन नळीच्या तोंडाला चिकटायचा, बंद केलं की सुटून खाली बसायचा. मजुरी मी घेतली नाही. पंपवाल्याचे पैसे मात्र त्यांचे गेले ते गेलेच, आणि पुढे वर्षभर ते मला ‘काय पिशवी मिस्त्री’ अशीच हाक मारायचे.

तुमच्या टाकीत पिशवी असेल असं नाही. कोकणातली गाडी, पंधरा वर्षांहून जास्त दमट हवा खाल्लेली. तुमच्याकडे मला पाण्याचा आणि शेवाळासारख्या गाळाचा संशय जास्त. अर्धी रिकामी टाकी रात्रभर बाहेर उभी राहिली की आतल्या पत्र्याला घाम येतो. ते पाणी तळाला जातं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी-जिवाणू पोसतात, त्यांचा तपकिरी-काळा साका तयार होतो आणि तो जाळीवर सायीसारखा बसतो. बघायची रीत अशी: रात्री गाडी हलवू नका. सकाळी चालू करायच्या आधी टाकीचा खालचा नट थोडा सैल करून पहिलं अर्धा लिटर काचेच्या बाटलीत धरा. तासभर खिडकीत ठेवा. खाली पाण्याची रेघ, मधे मळकट पदर, वर डिझेल असं दिसलं तर टाकी उतरवून धुवायची, जाळी साफ करायची, आणि डिझेल फिल्टर नवा असला तरी परत बदलायचा, कारण हा गाळ त्यात गेलेला असणार. पुढे पावसाळ्यात टाकी संध्याकाळी भरून ठेवायची सवय लावा.

टाकी उतरवलीच आणि गळती निघाली, तर वेल्डरला सांगा की आत डिझेल होतं. ‘डिझेल पेट घेत नाही’ म्हणणारे भेटतात. रिकाम्या टाकीतली वाफ पेट घेते, आणि नुसती पेटत नाही, फुटते. पाणी भरल्याशिवाय आणि वाफ काढल्याशिवाय टाकीला ज्योत लावू द्यायची नाही. आमच्या इथल्या एकाच्या भुवया त्यात गेल्या, तो नशीबवान.

तिसरी जागा रबरी नळ्या आणि क्लिपा. गंमत अशी की टाकीकडून येणारी नळी फुटली तर चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. ‘कुठे गळत नाही, म्हणजे लाइन ठीक’ हा निकाल चुकीचा. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी बसवा आणि हेल्परला एक्सलेटर दाबायला सांगा. बुडबुडे पळताना दिसले की कुठेतरी हवा घेतेय. जुनी रबरी नळी बाहेरून धडधाकट आणि आतून पापुद्रा सुटलेली, हेही होतं. ओढ वाढली की पापुद्रा आडवा येतो. या नळ्या तीनेकशे रुपयांत येतात. मी असतो तर न बघताच बदलल्या असत्या.

चौथी, फीड पंपाची गाळणी. काही पंपांना येणाऱ्या बोल्टाखाली बारीक जाळी असते आणि ती आहे हेच अनेकांना माहीत नसतं. काढा, फुंका, नवं तांब्याचं वायसर घालून बसवा.

एवढं करूनही सापडलं नाही तर कॅन लावायचा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात स्वच्छ डिझेल. फीड पंपाची ओढनळी कॅनमध्ये, आणि परतीची नळीसुद्धा कॅनमध्येच, नाहीतर टाकीत परत जाणाऱ्या डिझेलने कॅन बघता बघता रिकामा होईल. टाकीचा संबंध तोडला. आता माल भरलेल्या गाडीने जवळचा एखादा चढ चढा. पळाली, तर दोष टाकीच्या बाजूला. तशीच रडली, तर पुढे बघायचं. यात सगळे एक चूक करतात, ती तुम्ही करू नका. कॅन केबिनच्या टपावर किंवा इंजिनाच्या वरच्या अंगाला बांधतात. उंचावरून डिझेल आपोआप उतरतं आणि मेलेला फीड पंपसुद्धा पास होतो. कॅन टाकीच्याच उंचीला, हौद्याच्या खालच्या बाजूला, सायलेन्सरपासून लांब, दोरीने आवळून. आणि हा प्रयोग मिस्त्रीला बरोबर घेऊन गावाबाहेरच्या चढावर करा, भर घाटात रात्री नको.

एक राहिलं, आणि खरं तर ते सगळ्यात आधी करायचं. कुणालातरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून पंपावरचा दांडा शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते बघा. केबल ताणली गेली असेल, किंवा पायाखालचं जाड मॅट मधे येत असेल, तर गाडीला पूर्ण डिझेल कधी मिळतच नाही. तुमचं दुखणं थांबल्यावर जातं म्हणून मी हे मागे ठेवलं, पण दोन मिनिटांचं काम आहे.

नोझलचे ७,२०० परत मिळणार नाहीत. पण २ लाख ८० हजारांवर ते कधीतरी तपासायचेच होते, तेव्हा त्याचं वाईट वाटून घेऊ नका. गाडी विकू नका. निदान या कारणाने तरी नको.

प्रश्न : माझी २००५ ची पिकअप चढाला भक्कन काळा धूर सोडते आणि ओढत नाही. हल्ली एक्सलेटर दिलं की शिट्टीसारखा आवाज येतो. टर्बो गेला म्हणतात. नवा टर्बो घालू की रिपेअर करू?
— डाळिंब बागायतदार, सांगोला

उत्तर : तुमचं वरच्या दादांच्या बरोबर उलटं. डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. त्याच्यावर खापर फोडायच्या आधी टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या जाड रबरी नळ्यांवर हात फिरवा. नळीची खालची बाजू, जी वरून दिसत नाही, तिथे तेलकट ओल लागली तर चीर तिथेच आहे. टर्बो थोडं तेल हवेबरोबर सोडतोच, आणि नळी फुटली की ते तिथून पाझरतं. गाडी उभी असताना चीर मिटलेली असते, दाब आला की ओठ उघडते आणि शिट्टी वाजते. साबणाचं पाणी लावून एकाला रेस करायला सांगा, फेस येईल. फॅनपासून हात आणि उपरण्याचं टोक लांब ठेवा.

नळी ठीक निघाली तर एअर क्लीनरचा डबा पूर्ण उघडा, नुसता फिल्टर उपसून बघू नका. मागच्या वर्षी मी एका डब्यातून ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा काढल्या. गाडी शेतातल्या शेडमध्ये महिनाभर उभी होती आणि उंदराने कोठार केलं होतं. फिल्टर नवाकोरा, त्याच्या अलीकडे शेंगांची थप्पी. मालक म्हणाले, परवाच तर फिल्टर बदललाय! बदलणाऱ्याने खालच्या कोपऱ्यात हात घातला नव्हता.

त्यानंतरच टर्बो. नळी काढून त्याची दांडी बोटांनी हलवून बघा, अर्थात इंजिन बंद आणि थंड असताना. किंचित हालचाल असतेच. पात्याची टोकं कडेला घासल्याच्या खुणा असतील, किंवा दांडी पुढे-मागे सरकत असेल, तर टर्बो गेला. नवा की रिपेअर, हे तो हातात घेतल्याशिवाय मी सांगणार नाही. फोटोवरून सांगणारे पुष्कळ आहेत.

तुमच्या पंपावर टर्बोचा दाब आणणारी एक बारीक नळी असेल तर तीही बघून घ्या. ती तडकली की पंपाला वाटतं टर्बो काम करत नाही आणि तो डिझेलच वाढवत नाही. पण मग काळा धूर येत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत ती दुय्यम.

प्रश्न : आमची दूधगाडी २०१३ ची, कॉमन रेल आहे. अधूनमधून मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी चाळीसच्या वर जात नाही. चावी बंद करून चालू केली की ठीक. ड्रायव्हर म्हणतो तसंच चालवू या. चालवावी का?
— दूध संकलन केंद्रचालिका, फलटण

उत्तर : ताई, ड्रायव्हरचं ऐकू नका. गाडीच्या कॉम्प्युटरला काहीतरी खटकलं की तो ताकद कापतो, म्हणजे इंजिनाचं नुकसान होऊ नये. चावी फिरवून तुम्ही त्याचं तोंड दाबताय. दिवा लागलेला असतानाच गाडी स्कॅनरवाल्याकडे न्या आणि कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर, लिहून घ्या. आधी लिहून घ्यायचा, मग पुसायचा. पुष्कळ जण आधी पुसतात आणि ‘काही नाही मॅडम’ म्हणून तीनशे रुपये घेतात. कोड म्हणजे निदान नव्हे, हेही लक्षात असू द्या. रेलचा (सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या दाबाच्या नळीचा) दाब कमी असा कोड आला तर लगेच सेन्सर बदलायचा नसतो. तुंबलेल्या डिझेल फिल्टरनेही तोच कोड येतो.

आणि पहिल्या उत्तरातला कॅनचा प्रयोग तुमच्या गाडीवर कुणाला करू देऊ नका. चालू इंजिनावर नोझलची पाइप सैल करून बघण्याची जुन्या मिस्त्रींची खोड तर अजिबात नको. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्याही वर जातो. ती बारीक धार कातडीतून आत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं आणि आत हात सडायला लागतो. असं कधी झालंच तर ‘एवढंसं तर आहे’ म्हणून घरी बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

प्रश्न : इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पुढे जात नाही. पंप का नोझल?
— वाळूज

उत्तर : दोन्ही नाही. क्लच प्लेट. मोकळ्या मैदानात हँडब्रेक ओढा, तिसरा गियर टाका, थोडी रेस देऊन क्लच सावकाश सोडा. इंजिन चटकन बंद पडलं तर प्लेट ठीक. फिरतच राहिलं आणि जळकट वास आला तर प्लेट संपली. एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलंत तर उरलेलीही जाईल. प्लेट ठीक निघाली तर पाच-सहा किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात धरून बघा, लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर ब्रेक धरून बसलाय.